आजीचा मध आणि सोलापूरचा हिशेब

दिवाळीत मधाचे नाव काढले की घरातल्या मुलांची नजर फळीवरच्या बरणीकडे वळते. मध चाटण्यासाठी असतो, अशीच माझीही समजूत होती. ती तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर मोडली.

शाळेतल्या एका वारली मुलाच्या पोटरीत गवत कापताना विळा बसला. चार दिवसांत जखम चिघळून पू धरला. मी त्याला दवाखान्यात न्यावयास गेलो, तो त्याची आजी आग्या मोहोळाचा काळसर मध त्या जखमेत चक्क ओतत होती. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, “गुरुजी, मधच हाय, इख नाय.” मी मुलाला दवाखान्यात नेलेच. धनुर्वाताची सुई टोचली, गोळ्या मिळाल्या, पोर बरे झाले. श्रेय सुईचे, गोळ्यांचे की मधाचे, हे मला आजही सांगता येत नाही. पण तेव्हापासून मी मधाच्या मागे लागलो, तो अद्याप सुटलो नाही.

आजीची विद्या जुनी खरी. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या एका मिसरी पपायरसात जखमेवर मध, चरबी आणि धाग्यांचा बोळा बांधावयास सांगितले आहे. आपल्या सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले, त्याला शोधन आणि रोपण म्हणजे जखम शुद्ध करणारा व भरून आणणारा म्हटले, आणि ताज्या जखमांवर मध-तुपाची योजना केली. येथवर आले की आपली मंडळी “हे सारे आपल्याकडे होतेच” म्हणून पान पुढे करतात! मला तेवढ्याने समाधान होत नाही. होते, हे कबूल. पण का होते?

त्याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. मधात पाण्याचा अंश शेकडा २० च्याही आत; तो साखरेच्या जोरावर जंतूंच्या अंगातले पाणी ओढून घेतो. शिवाय तो आंबट असतो. जर्मनीतल्या डोल्ड ह्यांनी १९३७ साली मधातल्या जंतुरोधक गुणाला ‘इनहिबिन’ असे नाव दिले. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील व्हाइट ह्यांनी दाखविले की हा इनहिबिन म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. मधमाशीच्या शरीरातले एक द्रव्य मधात उतरते आणि जखमेच्या ओलाव्याने मध पातळ झाला की ते कामाला लागून थोडे थोडे पेरॉक्साइड तयार करीत राहते. पण तोवर पेनिसिलिनचा अंमल सुरू झाला होता. मधाला कोण विचारतो?

विचारले ते आपल्या सोलापुरात. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील सर्जन एम. सुब्रह्मण्यम् ह्यांनी १९९१ साली भाजलेल्या १०४ रोग्यांचा अहवाल इंग्लंडातील शस्त्रक्रियेच्या मासिकात छापला. ५२ जणांना मध, ५२ जणांना त्या काळचे नावाजलेले सिल्व्हर सल्फाडायाझीनचे मलम. सात दिवसांत मधाच्या बाजूच्या शेकडा ९१ जखमा निर्जंतुक झाल्या. मलमाच्या बाजूच्या शेकडा ७. पुढे १९९६ साली त्यांनी मधाची गाठ उकडलेल्या बटाट्याच्या सालींशी घातली. हसू नका, गरिबांच्या भाजल्या अंगावर ही सालींची पट्टी आपल्या देशात खरोखरच बांधीत. तेथेही मधच सरस ठरला.

परंतु मला ह्या गृहस्थांचा तिसरा अहवाल अधिक मोलाचा वाटतो. तो १९९९ चा. मध्यम प्रतीच्या भाजण्यात जळलेली कातडी लवकर कापून काढून तेथे दुसरी लावणे, हे मधाच्या पट्टीपेक्षा श्रेष्ठ, असे त्यांनी स्वतःच लिहून टाकले. ज्या मधाने नाव मिळवून दिले, त्याचा पराभवही त्याच वहीत मांडावयाचा! कादंबरीकाराला हे धैर्य क्वचितच साधते. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानेही वरवरच्या भाजण्यात मधाच्या बाजूने कौल दिला. इतर बऱ्याच जखमांविषयी मात्र पुरावा तोकडा म्हटला.

गृहिणींनी मात्र बरणीतला मध जखमेवर ओतू नये. त्यात जंतूंची बीजे असू शकतात. इस्पितळात वापरतात तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवूही नये, मग सासूबाई काहीही म्हणोत.

गेल्या खेपेस पाड्यावर गेलो तेव्हा आजीला सोलापूरची हकीकत सांगितली. मध जिंकल्याचे तिला नवल वाटले नाही. हरल्याचे मात्र तिने दोनदा विचारून घेतले, आणि दुसरी कातडी आणतात कोठून, हेही. त्याच माणसाच्या मांडीवरची, असे मी सांगितले, तेव्हा ती नातवाच्या पोटरीवरचा वण निरखीत बराच वेळ गप्प बसली.