मोजमाप कुणाच्या हातात? खान्देशातल्या बांधकाम-सल्ल्याच्या व्यवसायाचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं, बांधकामाचा इतिहास म्हणजे किल्ले आणि लेणी सांगणार का? नाही. आज आपण विटेला हात न लावता बांधकामावर पोट भरणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहोत. नकाशा काढणारा, जमीन मोजणारा, अंदाजपत्रक करणारा, स्लॅबला किती जाडीची सळई लागेल ते सांगणारा आणि काम झाल्यावर टेप घेऊन येणारा.

ब्रिटनमध्ये या सगळ्यांना मिळून एक स्वतंत्र क्षेत्र मानतात आणि ते मोजतातही. तिथे १९८८ पासून कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री कौन्सिल नावाची संस्था आहे. किती फर्म, किती माणसं, फी किती, अशा पाहण्या तिने करून घेतल्या. त्यातून दिसणारं चित्र साधारण असं, की बहुतेक फर्म चारसहा माणसांच्या, आणि मोजक्या अवाढव्य फर्मकडे कामाचा मोठा वाटा. आता तोच प्रश्न जळगाव जिल्ह्याला विचारा. इथे हे क्षेत्र केवढं? आमचं म्हणणं असं, की फर्म मोजून याचं उत्तर मिळणार नाही. शंभराहून जास्त वर्षं हा जवळजवळ सगळा व्यवसाय इथे एकाच सरकारी खात्याच्या पोटात राहिला. तो तिथे कसा गेला आणि आता बाहेर पडताना काय हातचं सुटतंय, हा आजचा विषय.

आधी खात्याच्या पूर्वीचं थोडं. खान्देशात सल्ला देणारा आणि बांधणारा असे दोन नव्हतेच. जुनी धाब्याची घरं आठवा. घर किती मोठं? पाच खणांचं. खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा. लाकूड किती लांबीचं मिळतं, धाब्याच्या मातीचा भार ते किती पेलतं, हे मिस्तरीच्या हाताला ठाऊक असायचं. म्हणून ‘पाच खण’ म्हटलं की नकाशा, ताकदीचा हिशेब आणि लाकडाचा अंदाज तिन्ही एका शब्दात आले. वेगळी फी कसली द्यायची?

पाण्याचंही तसंच. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरची फड पद्धत आपल्याला माहीत आहे. बंधारा, त्यातून पाट, पाटावरून फड. पाणी कुणाला किती आणि कधी, हे पाटकरी बघायचा, राखणीला जागल्या असायचा, आणि त्यांचा मोबदला लाभ घेणारे शेतकरीच द्यायचे. सल्ला होता, देखरेख होती, पण तिचा मालक गाव होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे मालक बदलतो.

तिकडे इंग्लंडात नेमकं याच सुमाराला उलटं घडत होतं. सिव्हिल इंजिनिअरांची संस्था १८१८ ची, वास्तुविशारदांची १८३४ ची, सर्व्हेअरांची १८६८ ची. एकेक काम वेगळं निघालं आणि त्याची पाटी लागली. त्यातला सर्वांत गमतीचा प्राणी म्हणजे क्वांटिटी सर्व्हेअर, कारण तो आपल्याकडे मुंबईसारखी मोठी शहरं सोडली तर फारसा रुजलाच नाही. झालं असं, की मोठ्या इमारतीचं पूर्ण काम एकाच कंत्राटदाराला ठरीव रकमेत द्यायची पद्धत पडली. मग टेंडर भरायला दहा जण आले, तर दहाही जणांनी नकाशावरून विटा, चुना, लाकूड मोजत बसायचं. नऊ जणांची मेहनत वाया. म्हणून कंत्राटदारांनीच वर्गणी काढून एक मोजणारा नेमायला सुरुवात केली. पुढे मालकानेच तो नेमायचा असं ठरत गेलं. मोजमाप करणारा माणूस मालकाचाही नोकर नाही आणि कंत्राटदाराचाही नाही, ही कल्पना इथून रुजली.

ही सगळी मांडणी आपल्या दारात आली ती रेल्वेतून. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई–ठाणे गाडी धावली, आणि १८६७ मध्ये भुसावळवरून, म्हणजे आपल्या वरणगावच्या शिवारातून जाणारी लाइन नागपूरला पोचली. या जीआयपी कंपनीची रचना बघा. सल्लागार अभियंता लंडनमध्ये, आणि तो साधासुधा नव्हे, रॉबर्ट स्टीफन्सन. जागेवरचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली. काम करणारे विलायती कंत्राटदार. आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला सरकारचा स्वतःचा वेगळा सल्लागार अभियंता. एवढी उतरंड कशासाठी? कारण १८४९ च्या करारानुसार कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. खर्च वाढला तरी भागधारकाचं व्याज चुकत नाही. मग खर्च आवरायचा कुणी? ज्याच्या तिजोरीतून हमी जायची, त्याने. म्हणजे आपल्या भागात ‘सल्लागार’ हा शब्द आला तो पैशावर पहारा ठेवणारा माणूस म्हणून. खडी आणि माती वाहणारे हात इथलेच होते, पण नकाशावरची सही इथली नव्हती.

तेवढ्यात दुसरी, आपल्या दृष्टीने जास्त मोठी घटना झाली. डलहौसीच्या काळात, १८५४-५५ च्या सुमाराला, सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. त्याआधी सरकारी बांधकामं लष्करी मंडळाकडे होती. त्याच १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. त्याचंच पुढे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. वर्गाचा हेतू मात्र मर्यादित होता: खात्याला हाताखालची माणसं पुरवणं. वरच्या जागांसाठी इंग्लंडात १८७१ ला कूपर्स हिलचं कॉलेज काढलं आणि १९०६ पर्यंत ते चाललं. वरचे तिथून यायचे, खालचे पुण्यातून.

पुण्याच्या त्या शिक्षणातून वर चढलेलं सर्वांत मोठं नाव म्हणजे विश्वेश्वरय्या. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, पहिली नेमणूक नाशिकला. लवकरच त्यांना धुळ्याकडे पाठवलं आणि पांझरेच्या पाटासाठी नळाचा सायफन बांधायचं काम दिलं. तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, पावसाळा तोंडावर, नदीला पूर, आणि वरिष्ठांचा काम पुरं करण्याचा तगादा. ते काम त्यांनी पुरं केलं. आमचा मुद्दा त्यांच्या कर्तबगारीचा नाही, ती शाळेच्या पुस्तकात आहेच. मुद्दा असा, की ज्या पांझरेवर पाटकरी गावाला जबाबदार होता, तिथे आता नकाशा, अंदाज, देखरेख आणि मोजमाप एका खात्याच्या नोकराकडे आलं, आणि तो जबाबदार होता वरच्या साहेबाला.

हळूहळू शिडी पक्की झाली. ओव्हरसियर, म्हणजे आजचा शाखा अभियंता. त्यावर उपअभियंता, कार्यकारी, अधीक्षक, मुख्य. इंग्लंडात ज्या चार पेशांच्या चार पाट्या होत्या, त्या इथे एका कार्यालयातली चार टेबलं झाली. क्वांटिटी सर्व्हेअरच्या जागी आलं मोजमाप पुस्तक. यावर आम्हाला थोडं थांबायचंय, कारण या खात्याच्या इतिहासातली सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे.

मोजमाप पुस्तकाच्या पानांना छापील क्रमांक असतात. पान फाडायचं नाही. खोडायचं नाही, चुकलं तर रेघ मारून शेजारी सही करायची. लांबी, रुंदी, उंची जागेवर मोजून तिथल्या तिथे लिहायची, आणि त्यातला काही हिस्सा वरच्या अधिकाऱ्याने स्वतः जाऊन पुन्हा मोजायचा. त्याशिवाय बिल निघत नाही. कोर्टात वाद गेला तर ते पुस्तक पुरावा म्हणून उभं राहतं. वाळूच्या गाडीला आपण आजही ‘एक ब्रास’ म्हणतो, म्हणजे १०० घनफूट. ही भाषा मोजमापाच्या याच दुनियेतून आपल्या अंगणात आली. आता खात्यात सगळे साधू नव्हते, ‘टक्केवारी’ हा शब्द मराठीला कुणी दिला ते सांगायला नको. पण सही कुणाची, हे शोधायला मात्र वेळ लागत नसे.

मग खाजगी व्यवसाय? तो मुंबईत वाढला, कारण तिथे खाजगी मालक होता: गिरणीवाला, बँक, चाळीचा शेठ. १९१७ मध्ये तिथे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी संघटना काढली, तिचीच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. खान्देशात मोठं बांधकाम करणारा मालक एकच, सरकार. स्वातंत्र्यानंतरही तेच. आपल्या गावात १९६४ ला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, दीपनगरला वीज केंद्र उभं राहिलं, हतनूरला धरण झालं. तापीवरचं हे धरण १९८२ ला पुरं झालं, त्याला ४१ दरवाजे आहेत. धरणांची संकल्पचित्रं करायला राज्य सरकारची स्वतःची संघटना नाशिकला, तपासण्या करायला संशोधन संस्थाही नाशिकलाच, देखरेखीला पाटबंधारे खातं. दिल्लीत तर सरकारने आपल्या अभियंत्यांच्या सल्लागार कंपन्याच काढल्या: १९६९ ला वापकॉस, १९७४ ला राइट्स. मुंबईत टाटांची सल्लागार कंपनी १९६२ ची, पण ती बाजू जळगावपर्यंत कारखान्यांपुरतीच आली असती तर आली असती.

(मागच्या रांगेतून प्रश्न आलाय: आज तरी आकडा सांगता येईल का?) सांगतो, पण त्यात एक पेच आहे. सरकारी आकडेवारीत उद्योगांचं जे वर्गीकरण वापरतात, २००८ चं, त्यात वास्तुविशारद आणि अभियांत्रिकी सल्ला यांना ७१ क्रमांकाचा विभाग आहे. आता एकाच वर्गात शिकलेली तीन मुलं घ्या. एक कंत्राटदाराकडे साइटवर लागला, तो ४१ किंवा ४२ मध्ये, म्हणजे बांधकामात. दुसरा पाटबंधारे खात्यात गेला, तो ८४ मध्ये, म्हणजे शासनात. तिसऱ्याने बाजारपेठेत गाळा घेऊन ‘इंजिनिअर’ अशी पाटी लावली, तोच काय तो ७१ मध्ये. तिघंही मोजमापच करतात. ब्रिटनसारखा तक्ता इथे केला तर तिसराच दिसेल, आणि आपण म्हणू, अरे, इथे तर हे क्षेत्रच नाही!

आणि हा तिसराच आता वाढतोय. मोठ्या रस्त्यांवर बघा. बीओटीच्या नमुना करारात ‘स्वतंत्र अभियंता’ म्हणून खाजगी सल्लागार फर्म नेमतात. तिची फी प्राधिकरण देतं आणि निम्मी कंत्राटदार कंपनीकडून वसूल करतं. स्वतंत्र हा शब्द चांगला आहे, इंग्लंडातल्या त्या मोजणाऱ्याची आठवण करून देणारा. पण तिथे त्या माणसामागे त्याच्या पेशाची संस्था उभी होती, सनद काढून घेऊ शकणारी. आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, त्यांची कौन्सिल आहे, नोंदणी आहे. अभियंत्यांसाठी असा केंद्रीय कायदा नाही. म्हणजे खात्याची शिडी सोडून मोजमाप बाहेर निघालं, पण बाहेर त्याला धरणारं कुणी उभं केलेलं नाही. आम्हाला खटकतं ते हेच. खाजगी माणूस वाईट आणि सरकारी चांगला, असं आमचं मुळीच म्हणणं नाही.

आपल्या गावापुरतं सांगायचं, तर वरणगाव आता नगरपरिषदेचं गाव. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे नकाशावर वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक अभियंत्याची वगैरे सही लागते. सही मिळते. पण पाया आहे काळ्या मातीत. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, आणि भिंतीही तिच्याबरोबर तडकतात. अशा जमिनीसाठी रुरकीच्या संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेले खास पाइल कधीच शोधून ठेवलेत. बहुतेक घरांत मात्र माती न तपासताच पाया ठरतो, तो मिस्तरीच्या अंदाजाने. म्हणजे नकाशा इंजिनिअरचा आणि सल्ला अजून पाच खणवाल्या मिस्तरीचाच. फरक एवढाच, की त्याच्या हाताला धाब्याच्या लाकडाचा भार ठाऊक होता, तीन मजली आरसीसीचा नाही.

प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी एक विनंती. या सभागृहात निवृत्त ओव्हरसियर, ट्रेसर, रेल्वेच्या बांधकाम विभागातली मंडळी नक्की असतील. खात्याची पुस्तकं खात्याकडेच राहतात, ती आम्हाला नकोत. पण तुमच्या स्वतःच्या वह्या, साइटवरच्या टिपणवह्या, अमोनिया प्रिंटचे निळे कागद माळ्यावर पडले असतील तर रद्दीत देण्याआधी आम्हाला दाखवा. हतनूरच्या कामावर असलेल्यांनी तर आज जाताना नाव लिहून जा. बोला, पहिला प्रश्न कुणाचा?