क्रीडाप्रबोधिनी गुणांकन

क्रीडाप्रबोधिनी गुणांकन : महाराष्ट्र शासनाच्या निवासी क्रीडाप्रबोधिनींत प्रवेश देण्यासाठी शालेय मुलामुलींची शारीरिक क्षमता मोजून तिला गुण देण्याची पद्धत. प्रबोधिनीत निवड झालेल्या खेळाडूच्या निवासाची, आहाराची, शिक्षणाची व प्रशिक्षणाची सोय शासन करते. पुण्याची प्रबोधिनी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आहे. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या मावळपट्ट्यातील मुलांना सर्वांत जवळची प्रबोधिनी हीच.

चाचण्या : मूळ पद्धत ८ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आखलेली आहे. उंची, वजन, ३० मीटर धाव, ६ × १० मीटर शटल रन, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, पुढे वाकून लवचिकता आणि ८०० मीटर धाव अशा नऊ चाचण्या होतात. प्रत्येकीला ३ याप्रमाणे एकूण २७ गुण असतात. ३० मीटरची धाव ‘फ्लाइंग स्टार्ट’ने होते. मूल मागून पळत येते आणि रेषा ओलांडताच घड्याळ सुरू होते, त्यामुळे सुरुवातीचा झटका वगळून निव्वळ वेग मोजला जातो. शटल रनमध्ये याउलट थांबणे, वळणे आणि पुन्हा उसळणे यांचा कस लागतो.

निवडीवरील परिणाम : या चाचण्यांत कोणत्याही एका खेळाचे कौशल्य तपासले जात नाही. त्यामुळे ज्या गावात ना प्रशिक्षक ना मैदान, तिथले मूलही गुण मिळवू शकते. खेळ नंतर ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसळे २००९ मध्ये प्रबोधिनीत दाखल झाले आणि वर्षभराच्या शारीरिक प्रशिक्षणानंतर त्यांनी नेमबाजी निवडली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले. पुढे प्रवेशप्रक्रियेत स्पर्धांतील कामगिरीवर आधारित ‘सरळ प्रवेश’ आणि खेळनिहाय ‘कौशल्य चाचणी’ हे मार्गही आले.

मर्यादा : एकाच वयाच्या मुलांत लवकर वयात आलेले मूल उंची, उडी आणि फेक यांत पुढे राहते. ही आघाडी दोन-तीन वर्षांत ओसरू शकते. चिकाटी, खेळाची समज आणि घरचा पाठिंबा यांना तर गुणच नाहीत. याचे उदाहरण म्हणजे वडगाव मावळच्या वेटलिफ्टर हर्षदा गरुड. त्या गावातल्याच व्यायामशाळेत प्रशिक्षक बिहारीलाल दुबे यांच्या हाताखाली तयार झाल्या. त्यांचे वडील शरद गरुड हेही वेटलिफ्टर होते. मे २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लियन येथे ४५ किलो वजनगटात एकूण १५३ किलो उचलून त्या कनिष्ठ जागतिक वेटलिफ्टिंग अजिंक्यपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

तुलना : अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांसाठी खाजगी संस्था ‘शोकेस’ भरवतात. तिथे ६० यार्ड धाव, चेंडूफेकीचा रडारने मोजलेला वेग, झेल आणि फलंदाजी पाहून श्रेणी दिली जाते. परफेक्ट गेम या संस्थेची श्रेणी १० पैकी असते, तर व्यावसायिक संघांचे निरीक्षक २० ते ८० ही मोजपट्टी वापरतात आणि त्यात ५० म्हणजे सरासरी. महाविद्यालयाचे प्रशिक्षक अशा श्रेणीवरून कोणाला पाहायला जायचे ते ठरवतात. शिष्यवृत्ती देण्याआधी ते प्रत्यक्ष सामने आणि शालेय गुणही पाहतात. तिथे श्रेणीचा उपयोग महाविद्यालयाच्या दारापर्यंत होतो. महाराष्ट्रात प्रबोधिनीचे गुण प्रबोधिनीपुरतेच राहतात. दहावी-बारावीचे क्रीडागुण, महाविद्यालयांतील खेळाडूंच्या जागा आणि शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के खेळाडू आरक्षण यांसाठी स्पर्धांची प्रमाणपत्रेच ग्राह्य धरली जातात.