खोटे बोलावे काय?

नीतिशास्त्राचा पहिला तास मी एका जुन्या प्रश्नाने सुरू करतो. श्रोतेहो, तुम्हीही उत्तर देऊन पाहा. भेदरलेली माणसे तुमच्या देखत रानात शिरली. मागोमाग हत्यारबंद टोळी आली. "कुठं गेले ते?" काय सांगाल?

महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिक तपस्व्याने खरे सांगितले. माणसे मारली गेली, आणि सत्याचे व्रत पाळूनही कौशिक नरकात गेला. गप्प राहून भागत असेल तर गप्प राहावे. न बोलण्यानेच संशय येणार असेल तर खोटे बोललेले बरे, असा श्रीकृष्णांचा निवाडा आहे.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली नेमके उलट सांगितले : मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये. हे उडवून लावू नका बरे! तो म्हणतो, मित्र घरात लपला आहे असे समजून तुम्ही "तो इथं नाही" म्हणालात, आणि तो आधीच बाहेर निसटून मारेकऱ्याला वाटेत सापडला, तर?

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त हा प्रश्न पाश्चात्य पंडितांच्या मतांशेजारी ठेवून तपासला आहे.

वर्गातली मुले बहुधा कौशिकाला हसतात. एकदा मात्र मागल्या बाकावरून एकाने विचारले, "सर, पळणारेच चोर असले तर?" खरेच की! टोळी दस्यूंची होती हे महाभारत आपल्याला आधीच सांगते. आपल्या दाराशी ते कोण सांगणार? त्या दिवशी घंटा झाल्यावरही वाद व्हरांड्यात चालूच होता.