महाबळेश्वरचा यजमान

महाबळेश्वरच्या लॉडविक पॉइंटवर एक स्मारकस्तंभ आहे. तिथे गेलेल्या बहुतेकांनी त्याच्याकडे पाठ करून, समोरच्या दरीच्या आणि प्रतापगडाच्या दिशेने छायाचित्रे काढलेली असतात. मीही काढली आहेत. सांगलीहून शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा त्या स्तंभावरचा मजकूर वाचण्याइतका धीर कोणालाच नव्हता. पदव्युत्तर अभ्यासाच्या निमित्ताने पुन्हा गेलो, तेव्हा तो वाचला. १८२४ साली या डोंगरांवर पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय म्हणजे जनरल पीटर लॉडविक, असे तो सांगतो. हे स्मारक लॉडविकच्या मुलाने १८७४ मध्ये उभारले.

आजचा धागा त्या स्तंभावर ज्याचे नाव नाही त्या माणसाविषयी आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज. ज्यांच्या मुलखात ही सारी सुट्टी रंगली, ते यजमान.

आधी ‘शोध’ या शब्दाविषयी. लॉडविक ‘पहिला युरोपीय’ होता, पहिला माणूस नव्हे. क्षेत्र महाबळेश्वर त्याच्या कितीतरी शतके आधीपासून नांदते होते. आम्हा सांगलीकरांच्या घाटाला लागणारे कृष्णेचे पाणी जिथून निघते, तिथल्या यात्रेकरूंना वाट दाखवायला कोणा कर्नलाची गरज पडली नव्हती. १६६५ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली ती इथेच. पालटला तो येण्याचा हेतू. लोक पुण्य जोडायला येत; साहेब हवा खायला आला.

त्या हवेची त्याला निकड होती, हेही मान्य केले पाहिजे. दख्खनचा उन्हाळा आणि त्याच्याबरोबर येणारे ताप, हगवण, कॉलरा यांनी कंपनीचे लष्कर पोखरले जात होते. सिमला आणि उटकमंड ही ठाणी याच दशकात आकाराला येत होती. आजारी शिपाई आणि अधिकारी मायदेशी पाठवायचे, तर जहाजाचा प्रवास कित्येक महिन्यांचा. त्यापेक्षा युरोपसारखी हवा इथेच सापडली तर? साताऱ्याच्या छावणीतला लॉडविक उकाड्याला कंटाळून वर चढला आणि खाली आल्यावर या हवेचे गुण गाऊ लागला. पाठोपाठ साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज याने वर स्वतःसाठी घर बांधले आणि महाराजांना गळ घातली की साताऱ्याहून इथपर्यंत गाडीरस्ता करून द्यावा. महाराजांनी तो करून दिला. म्हणजे या हवापालटाचा पहिला मोठा खर्च सातारच्या खजिन्याने सोसला.

१८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने हे प्रकरण धसास लावले. पुढच्या वर्षी करार झाला: महाराजांनी डोंगरमाथ्यावरची जागा कंपनीला द्यायची आणि बदल्यात वाई भागातले खंडाळा गाव घ्यायचे. (हे खंडाळा लोणावळ्याशेजारचे नव्हे; आपल्या सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याचे.) वसलेल्या पेठेला महाराजांनी पाहुण्याचेच नाव दिले, माल्कमपेठ. हा सौदा वाचताना मी प्रत्येक वेळी अडखळतो. मागणारा सार्वभौम झालेला, देणारा त्याच्याच कराराने गादीवर बसलेला. अशा देवाणघेवाणीला ‘अदलाबदल’ म्हणावे का?

पेठ मात्र झपाट्याने सजली. माल्कमने आपल्या बंगल्याला पत्नीच्या नावावरून ‘माउंट शार्लट’ म्हटले. बंगले उठले, पुढे चर्च आले, घोड्यावरून रपेट मारायला वाटा निघाल्या. या सुखाखाली कोणाचे हात होते? सिंगापूर-मलायाकडून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आणलेल्या चिनी आणि मलाई कैद्यांचे. त्यांचा तुरुंग इथे १८६४ पर्यंत होता. रस्त्यांवर ते राबले, बटाटा आणि विलायती भाज्या त्यांनी पिकवल्या, टोपल्या विणण्याचा धंदा त्यांनी रुजवला. समुद्रापलीकडून सक्तीने आणलेली ही माणसे साहेबांना मायदेशाची आठवण देणारे ताट वाढत होती. आपल्या सहलींच्या वर्णनांत ती कुठेच येत नाहीत. आणि हवेनेही सर्वांना वाचवले नाही: मुंबईचा सरसेनापती सर सिडनी बेकविथ १८३१ च्या जानेवारीत इथेच वारला. त्याचाही स्तंभ आहे.

आता १८३६. प्रतापसिंहांनी कंपनीच्या देशी पलटणीतल्या शिपायांना फितवण्याचा प्रयत्न केला, असा आरोप झाला आणि गुप्त चौकशी बसली. समितीत तिघे होते: विलोबी, ओव्हान्स आणि साताऱ्याचा तेव्हाचा रेसिडेंट, लॉडविक. होय, तोच स्तंभावरचा. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचाही आरोप जोडला गेला. १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक साताऱ्यास आला. त्याने घातलेल्या अटी मान्य केल्या असत्या, तर गादी राहिली असती. पण त्या मान्य करणे म्हणजे गुन्हा पदरात घेणे होते. महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले, आणि तिथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. खटला नाही, साक्षीदारांची उलटतपासणी नाही. ज्यांच्या रस्त्याने साहेब वर जात होते, त्यांना स्वतःला त्या रस्त्याने परतणे उरले नव्हते.

याच वर्षांत साताऱ्याचा एक माणूस खऱ्याखुऱ्या युरोपात राहत होता. रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, तिथेच अडकून पडले. अर्ज, छापील पत्रके, कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी. दरम्यान धनी काशीत वारले. त्यांच्या जागी बसवलेले बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब १८४८ मध्ये गेले आणि डलहौसीने राज्यच खालसा केले. त्या धोरणाला कडाडून विरोध करणाऱ्या भागधारकांत एक होता तो जनरल ब्रिग्ज, ज्याने महाराजांकडून रस्ता करून घेतला होता. त्याच्या विरोधाचा उपयोग झाला नाही. तरी त्याची नोंद घेतली पाहिजे, कारण सगळे पाहुणे एका माळेचे मणी नव्हते. रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले. १८५७ मध्ये त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली आणि ते स्वतः जे नाहीसे झाले, ते कोणाच्या हाती लागले नाहीत. साताऱ्यातल्या चार भिंती त्यांच्या स्मरणाशी जोडलेल्या आहेत. संध्याकाळी तिथे भेळ खायला जाणाऱ्यांनी एकदा तरी थांबून पाहावे.

महाबळेश्वरात यजमानाच्या घराण्याची एक खूण मात्र रोज हजारो लोक पाहतात. वेण्णा तलाव अप्पासाहेबांनी १८४२ मध्ये बांधवला. त्यात नाव वल्हवताना तो साहेबाने बांधला असेल असे मला वर्षानुवर्षे वाटत होते.

बाकी नकाशा पाहुण्यांच्या नावांनी भरलेला आहे. केट्स पॉइंट माल्कमच्या मुलीच्या नावाचा. तिथले जुने नाव नाके खिंड. विल्सन पॉइंटच्या टेकडीचे जुने नाव सिंदोळा. ही नावे मला १८८५ च्या सातारा गॅझेटियरच्या वाचनातून आणि वाटेत भेटलेल्या वयस्कर माणसांकडून कळली. जावळी, मेढा, वाई, पाटण या बाजूचे कोणी हा धागा वाचत असतील, तर घरातल्या आजी-आजोबांना विचारून पॉइंटांची त्यांच्या तोंडची नावे खाली लिहावीत. मी ती जमवतो आहे.