पेडणे-डिचोलीची हवा आणि उतारवय

निवृत्तीनंतरचे आयुष्य कोठे घालवावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून गोव्याचे नाव आता वारंवार घेतले जाते. मुंबई, पुणे, दिल्ली येथून येऊन घर घेणारे एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला आहेत मुंबईत किंवा आखातात नोकरीची वर्षे घालवून मूळ घरी परतणारे गोमंतकीय. ‘इथली हवा चांगली’ हे वाक्य दोघांच्याही तोंडी असते. वाक्य खोटे नाही. परंतु ती कोणत्या महिन्याची, दिवसाच्या कोणत्या प्रहराची आणि कोणत्या गावची हवा, हे त्यात सांगितलेले नसते. ज्येष्ठांच्या प्रकृतीचा प्रश्न नेमका त्या न सांगितलेल्या भागाशी निगडित आहे.

हा विषय मूठभर लोकांचा नाही. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्यात 60 वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण 11.2 टक्के होते. देशात ते 8.6 टक्के होते. केरळनंतर या बाबतीत गोव्याचाच क्रमांक लागत होता. उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या आधारे या हवामानाचा परिचय येथे करून दिला आहे.

दोन तालुके, दोन स्वभाव

पेडणे हा राज्याच्या उत्तर टोकाचा तालुका. उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा आणि पश्चिमेला अरबी समुद्र अशा त्याच्या सीमा. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी ही त्याची किनाऱ्यावरील गावे. पेडणे शहर समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे 10 किलोमीटर आत आहे, तर मोपा आणि धारगळचा भाग जांभ्या दगडाच्या पठाराचा.

डिचोलीला समुद्रकिनारा नाही. डिचोली शहर किनाऱ्यापासून सुमारे 20 किलोमीटर आत वसले आहे. मयेचा तलाव, हरवळेचा धबधबा, साखळीतून वाहणारी वाळवंटी नदी आणि मांडवीच्या काठचे नार्वे ही तिची ओळख. लोहखनिजाच्या खाणी हीही तिचीच ओळख. नकाशावर शेजारी असलेले हे तालुके हवेच्या दृष्टीने मात्र बरेच वेगळे आहेत.

सौम्यपणा येतो कोठून?

गोवा विषुववृत्तापासून साधारण 15 अंश उत्तरेला आहे. सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, येथे थेट डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये ढगांचे छत असते, त्यामुळे त्याचा दाह जाणवत नाही. मेमध्ये ते छत नसते.

असे असूनही येथील पारा विदर्भासारखा चढत नाही, कारण समुद्र. पाणी जमिनीच्या मानाने सावकाश तापते आणि सावकाश निवते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. पणजीच्या नोंदींनुसार मे महिन्याचे सरासरी तापमान सुमारे 30 अंश सेल्सिअस, तर जानेवारीचे सुमारे 26 अंश असते. वर्षातील सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांत जेमतेम चार-पाच अंशांचा फरक. नागपुरात हा फरक 14 अंशांच्या आसपास जातो.

उतारवयात शरीराची तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावते. कडाक्याची थंडी सांधे आणि रक्तदाबाला त्रास देते, तर कडक उन्हाळा हृदयावर ताण आणतो. ही दोन्ही टोके टळत असल्याने गोव्याची हवा वृद्धांना मानवते, असे म्हणण्यास आधार आहे.

आर्द्रतेचा हिशेब

तापमापकावर न दिसणारी गोष्ट म्हणजे हवेतील बाष्प. घाम सुकताना शरीर थंड होते. हवा आधीच दमट असेल तर घाम सुकत नाही. कोरड्या हवेतील 32 अंश जवळपास 32 अंशांसारखेच वाटतात. मात्र आर्द्रता 70 टक्के असेल, तर तेच 32 अंश उष्णता निर्देशांकानुसार सुमारे 41 अंशांसारखे जाणवतात. ‘पुण्यात 38 अंश सोसले, इथले 33 काय त्रास देणार?’ हा हिशेब म्हणूनच फसतो.

किनारी भागासाठी भारतीय हवामान खात्याचा निकषही याच कारणाने वेगळा आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश झाल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार होतो; किनाऱ्यावर 37 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश अधिक एवढे पुरते. मार्च 2023 मध्ये गोव्यासाठी असा इशारा दिला गेला होता आणि 9 व 10 मार्च रोजी शाळा दुपारी 12 पूर्वी सोडण्यात आल्या होत्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटाकडून येणाऱ्या कोरड्या पूर्वेच्या वाऱ्यांचा जोर वाढला की खारे वारे उशिरा पोहोचतात आणि दुपार अनपेक्षितपणे तापते. लोक उन्हाळा मेमध्ये येणार असे धरून चालतात. कमाल तापमानाचा झटका बहुधा त्याआधीच बसतो.

वर्षाचे चार भाग

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा सुखाचा काळ. दुपारी 32 अंशांच्या आसपास उष्णता असली तरी पहाटे पारा 20 अंशांपर्यंत उतरतो आणि हवा तुलनेने कोरडी असते. डिचोलीच्या आतल्या गावांत रात्र किनाऱ्यापेक्षा आणखी दोन-तीन अंशांनी गार असते. पाहुणे गोवा पाहतात तो याच दिवसांत, आणि घरे विकत घेण्याचे बेतही याच दिवसांत ठरतात.

मार्च ते मे हा कसोटीचा काळ. दिवसाचे तापमान फार वाढत नाही, पण मेमध्ये रात्रीचे किमान तापमान 26 ते 27 अंशांवर अडकते. शरीराला दिवसभराच्या उष्म्यातून सावरण्यासाठी गार रात्र लागते. तीच मिळत नाही.

जून ते सप्टेंबर पावसाचे. पणजीत वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा जवळपास नव्वद टक्के भाग या चार महिन्यांत असतो; घाटाच्या पायथ्याकडे त्याहून बराच अधिक. पारा 24 ते 30 अंशांत राहतो. तापमानाच्या दृष्टीने हेच खरे सौम्य महिने. परंतु ओल, बुरशी, निसरडी शेवाळलेली पायवाट आणि खंडित होणारी वीज यांचेही हेच महिने. दम्याच्या रुग्णांना घरातील बुरशी विशेष जाचते. वृद्धांच्या बाबतीत या दिवसांत घसरून पडण्याचा धोका तापमानापेक्षा मोठा मानावा.

ऑक्टोबर हा उपऱ्या उन्हाळ्यासारखा. पाऊस परततो, आकाश निरभ्र होते, जमिनीतील ओल वर येते आणि उकाडा वाढतो. कोजागरीला पेडण्याची पुनव साजरी होते ती याच उकाड्यात; दिवाळी उलटली की हवा पालटू लागते.

किनारा की आतला मुलूख?

मांद्रे-मोरजीसारख्या गावांत खाऱ्या वाऱ्याचा लाभ सर्वप्रथम आणि सर्वाधिक मिळतो. मात्र तेथे हवेतील क्षारामुळे लोखंड गंजते, विजेची उपकरणे लवकर बिघडतात. वादळाचा पहिला तडाखाही किनाऱ्यालाच बसतो. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळाने राज्यभर झाडे उन्मळून पडली आणि अनेक ठिकाणी वीज दीर्घकाळ गेली. घरात ऑक्सिजन यंत्रावर किंवा इन्सुलिनसाठी शीतकपाटावर अवलंबून असलेली व्यक्ती असेल, तर विजेची पर्यायी सोय ही चैन ठरत नाही.

डिचोलीत वारा उशिरा पोहोचतो, दुपार अधिक तापते. रात्र मात्र गार होते. सुपारी, नारळ, केळी आणि मिरवेलींची कुळागरे असलेल्या वाड्यांत उन्हाळ्यातही गारवा टिकतो. येथे दुसऱ्या दोन गोष्टींची चौकशी करावी. पहिली धुळीची. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर थांबलेले खाणकाम लिलावांनंतर पुन्हा सुरू झाले आहे. खनिज वाहतुकीच्या रस्त्यालगतचे घर श्वसनाचा विकार असणाऱ्याने टाळलेले बरे. दुसरी पुराची. साखळीचा सखल बाजारभाग वाळवंटीच्या पुराशी परिचित आहे. ऑगस्ट 2019 मध्ये तिळारी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे डिचोलीतील साळ आणि पेडण्यातील इब्रामपूर परिसरात पाणी शिरले होते.

जुन्या घराचे शहाणपण

गोमंतकातील जुनी घरे या हवेशी जुळवून घेत बांधलेली आहेत. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती दिवसाचा ताप लगेच आत येऊ देत नाहीत. उंच, उतरत्या कौलारू छपराच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. मधले राजांगण घराला उजेड आणि वारा पुरवते. ओसरी किंवा सोपा ही बसण्याची जागा उन्हापासून आणि पावसाच्या झडीपासून दूर असते. पावसाळ्याआधी मातीच्या भिंती नारळाच्या झापांनी झाकण्याची रीत होती.

सपाट स्लॅबचे घर दिवसभर तापते आणि ती उष्णता रात्री आत सोडते. काँक्रीट आणि डांबर वाढले, झाडे गेली, की हाच परिणाम संपूर्ण वस्तीवर होतो. बाहेर वारा असूनही वरच्या मजल्यावरील सदनिकेत झोप लागत नाही, ती यामुळे. अशा घरात स्लॅबवर कौलांचे किंवा पत्र्याचे दुसरे छप्पर, गच्चीला पांढरा लेप, पश्चिमेच्या भिंतीला झाडाची किंवा पडवीची सावली आणि समोरासमोर खिडक्या हे उपाय उपयोगी पडतात. हवेचे तापमान 40 अंशांखाली असताना पंख्याने आराम मिळतो. त्यामुळे गोव्यात पंखा जवळपास वर्षभर उपयोगी ठरतो.

दिनक्रम आणि आहार

ग्रामीण गोव्याचा जुना दिनक्रमही हवामानातून घडला आहे. शेतातील आणि अंगणातील कामे सकाळी उन्हे चढण्यापूर्वी उरकायची. दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज घ्यायची. दुपारी जेवून विश्रांती. पुन्हा बाहेर पडायचे ते चार-साडेचारनंतर. दुपारी बंद राहणाऱ्या दुकानांची नव्याने आलेल्यांना गंमत वाटते. पण भर दुपारचे तीन तास घरात काढणे हा उष्माघात टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पेजेतून पाणी, मीठ आणि पचायला हलके अन्न एकत्र मिळते. आमसुलाचे सरबत, सोलकढी, ताक, शहाळे यांचा उपयोगही तसाच. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र पेजेसोबतचे लोणचे आणि खारवलेली मासळी बेताने घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम असते.

वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. तहान लागली नाही म्हणजे पाणी पुरेसे आहे, असे समजू नये. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी आणि क्षार उन्हाळ्यात लवकर कमी होतात. औषधाची मात्रा स्वतःहून बदलू नये. मार्चच्या आरंभी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे. पाणी मोजून पिण्याचा सल्ला मिळालेल्या हृदयरुग्णांनीही तसेच करावे.

चक्कर, मळमळ, पायांत गोळे, नेहमीपेक्षा गडद लघवी ही प्रारंभीची लक्षणे. बोलण्यात असंबद्धपणा, तापलेले अंग किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी रुग्णाला सावलीत न्यावे, ओल्या कपड्याने अंग पुसून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

निर्णयापूर्वी

बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय पेडणे आणि डिचोली शहरांपासून साधारण 30 ते 40 किलोमीटर अंतरावर आहे. म्हापशाचे जिल्हा रुग्णालय त्याहून जवळ. धारगळ येथे डिसेंबर 2022 पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. जवळचे आरोग्य केंद्र कोणते, तेथे रात्री डॉक्टर असतात काय आणि पावसात तेथवरचा रस्ता उघडा राहतो काय, ही माहिती घर पाहतानाच घ्यावी.

घर घेण्याचा विचार असलेल्यांनी निर्णय जानेवारीतील अनुभवावर घेऊ नये. मेमध्ये आणि जुलैमध्ये किमान पंधरा-पंधरा दिवस त्याच गावात, शक्य तर भाड्याच्या घरात राहून पाहावे. मेमध्ये रात्री झोप लागते का आणि जुलैत भिंतीला ओल येते का, हे तेव्हाच कळते.

येथेच वाढलेल्या ज्येष्ठांना हे सांगावे लागत नाही. त्यांची अडचण निराळी आहे. मुले परगावी असतात, जुने कौलारू घर दुरुस्तीला आलेले असते आणि मोठ्या घरात एकच माणूस उरतो. त्याला पेज करून घालणारे, दुपारी दार वाजवून चौकशी करणारे कोणी राहिलेले नसते. उन्हाच्या किंवा वादळाच्या दिवसांत शेजारच्या एकट्या वृद्धाला दिवसातून दोनदा हाक मारून यावे. पंचायत, देवस्थान समिती किंवा भजनी मंडळ यांना हे काम वाटून घेणे अवघड नाही, आणि त्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.