मिलिमीटर तरंग आणि घरातले अडथळे (कर्जत-खालापूर)

३० ते ३०० गिगाहर्ट्झ कंप्रतेचे, म्हणजे १० ते १ मिमी तरंगलांबीचे रेडिओ तरंग. ५जीसाठीचा २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही व्यवहारात याच नावाने ओळखतात. त्याची तरंगलांबी सुमारे ११.५ मिमी, करंगळीच्या नखाएवढी. २०२२ च्या लिलावात जिओने या पट्ट्यातले १,००० आणि एअरटेलने ८०० मेगाहर्ट्झ देशातल्या २२ दूरसंचार परिमंडळांत प्रत्येकी घेतले; त्यात रायगडमधले कर्जत व खालापूर हे तालुके ओघानेच आले. मात्र फोनवर दिसणारे ५जी बहुतांशी ३.७ गिगाहर्ट्झखालच्या पट्ट्यांवर चालते. तेव्हा नेरळच्या एखाद्या बिल्डिंगमध्ये रेंज गेली, तर त्याचा दोष या तरंगांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

लांब तरंग अडथळ्याला वळसा घालून मागच्या बाजूला पोचतात. आखूड तरंगांना ते फारसे जमत नाही. शिवाय भिंतीत शिरले की ते झपाट्याने क्षीण होतात. ही घट डेसिबेलमध्ये मोजतात : १० डेसिबेल म्हणजे शक्तीचा दहावा हिस्सा उरला, २० म्हणजे शंभरावा. थ्रीजीपीपी या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या सूत्रांनी २६ गिगाहर्ट्झला लाकडातून सुमारे ८, साध्या काचेच्या खिडकीतून ७, उष्णता परतवणाऱ्या लेपित काचेतून ३१ आणि काँक्रीटमधून १०९ डेसिबेल घट येते. शेवटच्या आकड्याचा सरळ अर्थ : स्लॅबपलीकडे काही पोचत नाही. न्यूयॉर्कमध्ये २८ गिगाहर्ट्झवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत स्वच्छ काचेने सुमारे ४, तर रंगीत काचेने ४० डेसिबेल खाल्ले. कर्जतच्या फार्महाऊसना डोंगर दिसावा म्हणून लावलेली भिंतभर काच त्यामुळे फसवी ठरू शकते. डोळ्याला आरपार दिसते, तरंगाला ती भिंतच.

याउलट वाड्यांवरच्या घरांत कारवीचा कूड शेणामातीने लिंपलेला असतो. कोरडा, पातळ कूड सिमेंटच्या भिंतीपेक्षा बराच उदार. पण या भागातला पावसाळा जोरदार, आणि पाणी या कंप्रतेचे तरंग चांगलेच शोषते. मे महिन्यात तरंग सोडणारी भिंत ओल धरल्यावर श्रावणात तशी राहत नाही. घराबाहेर ताशी १०० मिमीच्या सरीतही नुसत्या पावसाने किलोमीटरला सुमारे १६ डेसिबेल जातात. घराभोवतीच्या दहा-पंधरा मीटरांत ते नगण्य. घरात त्रास होतो तो पावसाचा नव्हे, त्याने मुरवलेल्या ओलीचा.

धातूचे तर विचारूच नये. पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी कपाट तरंग परत फेकतात. खिडकीला डासांसाठी लावलेली स्टीलची जाळीही तेच करते : तिची भोके मिलिमीटरभराची, तरंगाच्या लांबीच्या दहाव्या हिश्श्याची, म्हणून तरंगाला ती जवळपास सलग पत्र्यासारखीच. नायलॉनची जाळी मात्र वाट देते. असा फरक जाळी विकणाऱ्याच्या बोलण्यात क्वचितच येत असेल.

चालता अडथळा म्हणजे माणूस. १० मीटर अंतरावरच्या दोन यंत्रांमध्ये तरंगांना लागणाऱ्या मोकळ्या वाटेची मध्यावरची त्रिज्या जेमतेम १७ सेंटिमीटर. मधे कुणी उभे राहिले की वाट बुजते आणि २० डेसिबेल किंवा त्याहून अधिक जातात. म्हणून प्रेषकात अनेक छोटे अँटेना एकत्र बसवून शलाका वळवतात आणि गुळगुळीत भिंतीवरून, फरशीवरून परावर्तित झालेली दुसरी वाट शोधतात. ओटीवरून माजघरात पोचायला प्रसंगी अशी एक-दोन परावर्तनेच कामी येतात.

या तरंगांचा पहिला भारतीय प्रयोगकर्ता जगदीशचंद्र बोस. १८९५ मध्ये कलकत्त्यात त्यांनी मिलिमीटर तरंग भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली. पुढे तरंगांचे ध्रुवण, म्हणजे कंपनांची ठरावीक दिशा, दाखवताना रेल्वेचे वेळापत्रकच त्यांनी उपकरण म्हणून वापरले : पानांमध्ये कथलाच्या वर्खाचे पत्रे घालून. कर्जत जंक्शनच्या वाचकाला हे विशेष वाटेल.

या सगळ्या अडथळ्यांमुळे घरगुती जोडणीत अँटेना गच्चीवर किंवा पडवीबाहेर टॉवरच्या थेट नजरेत लावतात आणि आत केबल किंवा वायफाय घेतात. मधे आंब्याचे झाड नसलेले बरे. पानांवर पाणी साचले की ते झाडही ओल्या भिंतीच्या पंक्तीला बसते.