रत्नागिरी जिल्हा : जमीन, माणसे आणि कचेरी



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघत आहे. त्यात काही तरी इतिहास लिहा असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सुचवले. आपल्या वस्तीतली बरीचशी घरे मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. पोरांना विचारले, गाव कोणते, तर ती पटकन सांगतात, "रत्नागिरी." पुढे विचारावे, तालुका कोणता, तर आईच्या तोंडाकडे बघतात. गाव असते मंडणगडात, तिथून महाड जवळ आणि रत्नागिरी शहर पार लांब. तेव्हा ज्या जिल्ह्याचे नाव आपण लावतो तो जिल्हा आहे कसा आणि त्याचा कारभार कुणी केला, हे थोडक्यात लिहावे असे वाटले.

उत्तरेला सावित्री नदी, पलीकडे रायगड जिल्हा. दक्षिणेला विजयदुर्गची खाडी, पलीकडे सिंधुदुर्ग. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि पश्चिमेला अरबी समुद्र. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर आणि किनारा १६७ किलोमीटर. घाटावर जायला कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा हे रस्ते. वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात. पाऊस धो धो पडतो, पण पाणी थांबत नाही. त्यामुळे श्रावणात घरात ओल आणि चैत्रात हंडा घेऊन बायका कोसभर, ही गंमत आपल्या कोकणातच पाहावी.

जमिनीचे म्हणाल तर भाताची मळ्याची जमीन थोडी. बाकी डोंगरउताराची वरकस, जिथे राब भाजून नाचणी-वरी करायची, आणि उरलेला जांभ्या दगडाचा कातळ. चांगली जमीन नदीकाठाला आणि गावाच्या मध्यावर. आपली वाडी कुठे, तर गावाच्या टोकाला, नाही तर कातळावर. नकाशा न बघताही कोणती वाडी कुणाची ते ओळखता येत असे.

आता कारभार. इंग्रजांकडे बाणकोट १७५६ पासून होते, बाकी मुलूख १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर आला. १८१९ साली दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला, कचेरी बाणकोटला. १८२२ साली मध्यावरचे ठिकाण म्हणून कचेरी रत्नागिरीस नेली. १८३० ला बाणकोट खाडीच्या उत्तरेचा मुलूख काढून ठाण्याकडे जोडला, रत्नागिरीचा दर्जा कमी केला आणि १८३२ ला पुन्हा वाढवला. स्वातंत्र्यानंतर सावंतवाडी संस्थान जिल्ह्यात आले. १ मे १९८१ रोजी दक्षिणेकडचा भाग तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. उरले नऊ तालुके : मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर.

हे झाले पुस्तकातले. पण कचेरी बाणकोटला होती की रत्नागिरीला, याचे आपल्या आजा-पणजाला काय होते? त्याच्यापर्यंत कलेक्टर कधी पोचलाच नाही. त्याच्या आणि सरकारच्या मधे खोत उभा होता.

खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची हमी घेणारा वंशपरंपरेचा मक्तेदार. सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि कुळाकडून वसूल करायचे ते आपल्या हिशेबाने. भाताच्या जमिनीचा अर्धा वाटा, वरकसाचा तिसरा. म्हणून कुळाला अर्धेली, तिर्धेली असे शब्द. वर वेठ. खोताचे शेत आधी नांगरायचे, त्याची लाकडे आणायची, पालखीला खांदा द्यायचा. इंग्रजांनी १८८० साली खोती कायदा केला, पण त्याने खोत गेला नाही, उलट त्याच्या हक्कावर सरकारी शिक्का बसला. खोत काही एकाच जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. आणि कुळे म्हणजे कुणबी आणि आपण. एकाच बांधावर राबायचे, पण पाणवठा वेगळा. खोताचे राज्य इतके दिवस टिकले त्याचे अर्धे कारण या वेगळ्या पाणवठ्यात आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पोट भरेना म्हणून माणसे बाहेर पडली. आधी पलटणीत, मग मुंबईच्या गोदीत आणि गिरणीत. दापोलीला लष्करी छावणी होती, तिथे आपले पेन्शनर राहत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि सैन्यातली आपली भरती बंद झाल्यावर सरकारकडे अर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळ यांचे गाव आंबडवे, मंडणगड तालुका. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीस होते. आणि माता रमाई तर दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहत. आज वणंदला जाणाऱ्या आपल्या भगिनींनी दाभोळची खाडीही जरूर बघावी, म्हणजे ती टोपली किती जड होती ते कळेल.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचा थिबा राजा रत्नागिरीत आणून ठेवला. राजा बौद्ध. १९१० ला त्याला राजवाडा बांधून दिला, डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला, समाधीही तिथे आहे. म्हणजे तीस वर्षे या जिल्ह्यात एक बौद्ध राजा होता आणि आपल्या वाडीला त्याचा पत्ता नव्हता. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला एकोणतीस लेणी आहेत. त्यांत बुद्धमूर्ती आहेत, मागाहून नाथपंथीयही तिथे राहिले. ती लेणीसुद्धा आपली आहेत हे कळायला आपल्याला १९५६ उजाडावे लागले.

खोतीला पहिला मोठा हादरा दिला तो बाबासाहेबांनी. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला त्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची बहिष्कृत परिषद भरली, लगोलग शेतकऱ्यांचीही परिषद झाली. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली वर्षानुवर्षे संप चालवला. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आल्यावर बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोताला भरपाई द्या, पण जो जमीन कसतो त्याला सरकारी खातेदार करा, असे ते बिल होते. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत येऊन कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. त्यात कुणबी होते, महार होते. गावात ज्यांचे पाणी एक होत नव्हते त्यांची घोषणा मुंबईच्या रस्त्यावर एक झाली.

तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते बाळ गंगाधर खेर. त्यांचा जन्म रत्नागिरीचाच. मागण्या ऐकल्या गेल्या, बिल मात्र पास झाले नाही. १९३९ ला मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ते राहून गेले. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली, तेव्हाही सरकार खेरांचेच होते. मधली बारा वर्षे कुळ वाटा घालत राहिले, ती कुणी मोजायची?

खोती गेली म्हणजे जमीन आपली झाली असे मात्र नाही. १९४८ चा कूळकायदा होता. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरला, त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता त्याला मालक मानायचे. आता बघा, तो दिवस उगवला तेव्हा आपला बाप्या कुठे होता? मुंबईत, गिरणीच्या पाळीवर. शेत कोण करत होते? घरची बाई. चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी सगळे तीच करी. पण तलाठ्याच्या वहीत तिचे नाव कोण लावणार? किती तरी घरांत नाव लागलेच नाही. लागले तिथे 'इतर हक्क' या रकान्यात पडून राहिले, कारण किंमत ठरवून घ्यायला आणि दाखला काढायला तहसील कचेरीत खेपा घालणारा माणूस गावात नव्हता. मनीऑर्डर गावी जायची, पण सातबारा कुणी मागवला नाही.

माणसे बाहेर, हे आजही सरकारी आकड्यांत दिसते. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला ती १६,१५,०६९ झाली. वाढायच्या ऐवजी कमी. आणि दर हजार पुरुषांमागे बाया १,१२२. महाराष्ट्रभर मुलींचा आकडा कमी म्हणून ओरड, आणि आपल्याकडे जास्त. हे काही सुधारणेचे लक्षण समजू नये. बाप्ये मुंबईला, एवढाच त्याचा अर्थ.

१९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रस्ते झाले, जमिनीला भाव आला. ज्या कातळावर आपल्याला टाकले होते त्या कातळालाही आता गिऱ्हाईक आहे. दलाल आधी सातबारा काढतो आणि मग वाडीत येतो. कागदावर काय आहे ते त्याला ठाऊक असते आणि आपल्याला नसते. हल्ली उतारा कॉम्प्युटरवर मिळतो. गाव, तालुका आणि गट नंबर माहीत असला की झाले. म्हणूनच सुरुवातीला पोरांच्या तालुक्याचे विचारले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडणगडला न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. आंबडव्याच्या तालुक्याला स्वतःची कोर्टाची इमारत मिळाली. पूर्वी वाट्याच्या तंट्यात कुळाने खोताच्या ओसरीखाली उभे राहायचे, तोच वादी आणि तोच पंच. आता त्याच तालुक्यात आजीच्या नावाची वारस नोंद राहिली असेल तर अर्ज तलाठ्याकडे देता येतो, आणि जमिनीच्या हक्काचा वाद असेल तर कोर्टाचा दरवाजा आहे. आपल्या वस्तीतल्या ज्या घरांत खोताला दिलेल्या वाट्याच्या जुन्या पावत्या, पलटणीचे पेन्शनचे कागद किंवा जुना सातबारा पेटीत पडून असेल, त्यांनी तो रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन यावा. मोडीतला असला तरी आणावा, वाचणारा माणूस शोधू.